सरहद्दीचे दगड : दुधनी, नळदुर्ग आणि रोमन भिंत

सोलापूरहून रायचूरकडे जाणारा लोहमार्ग महाराष्ट्रातून बाहेर पडताना ज्या शेवटच्या गावांजवळून जातो, त्यांत अक्कलकोट तालुक्यातील दुधनी हे बाजारपेठेचे गाव आहे. तुरीच्या व्यापारासाठी आणि बाजार समितीसाठी ते दोन्ही राज्यांतील शेतकऱ्यांना परिचित आहे. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा येथील घरांत आणि अडतींवर सहजपणे बोलल्या जातात, आणि गावाच्या पूर्वेस थोड्याच अंतरावर कलबुर्गी जिल्हा सुरू होतो. सीमेवरचे गाव म्हटल्यावर जी भिंत, जे कुंपण किंवा जो चौकीपहारा मनासमोर येतो, त्यांपैकी काहीही येथे दिसत नाही. तरीही गेल्या पाचशे वर्षांत या परिसरावरून जितक्या सरहद्दी सरकल्या, तितक्या महाराष्ट्रातील फार थोड्या प्रदेशांवरून सरकल्या असतील. बहमनी राज्य फुटल्यानंतर निजामशाही आणि आदिलशाही यांच्या सीमा या टापूत एकमेकींना भिडल्या; पुढे मोगल आले, मराठे आले, अक्कलकोटचे भोसले संस्थानिक झाले आणि त्यांच्या शेजारी हैदराबादच्या निजामाचा मुलूख राहिला; आणि भाषावार प्रांतरचनेनंतर दोन राज्यांमधील वादाची रेघ येथूनच गेली. १९६७ साली महाजन आयोगाने तर अख्खा अक्कलकोट तालुकाच तत्कालीन म्हैसूर राज्याला द्यावा, अशी शिफारस केली होती. महाराष्ट्राने ती स्वीकारली नाही.

एवढ्या सरहद्दी होऊन गेल्या, तर त्यांचे अवशेष कोठे आहेत, हा प्रश्न दुधनीच्या मातीत उभे राहून विचारणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर गावात मिळत नाही. ते मैंदर्गी, अक्कलकोट आणि तेथून उत्तरेला नळदुर्ग या वाटेवर मिळते. मात्र ते नीट समजून घ्यायचे असेल, तर प्राचीन जगातील ज्या सरहद्दीचा अभ्यास सर्वांत बारकाईने झालेला आहे, ती उत्तर इंग्लंडमधील रोमन भिंत, प्रथम डोळ्यांसमोर ठेवणे उपयोगाचे ठरते.

रोमन सम्राट हेड्रियन याने इसवी सन १२२ मध्ये ब्रिटनला भेट दिली आणि त्या सुमारास पूर्वेकडील टाईन नदीपासून पश्चिमेकडील सॉल्वेच्या खाडीपर्यंत सुमारे ११७ किलोमीटर लांबीची भिंत बांधण्यास प्रारंभ झाला. बांधकाम तीन लिजनांनी, म्हणजे रोमन नागरिकांच्या तीन मुख्य सैन्यदलांनी केले. पहारा मात्र साहाय्यक पलटणींनी दिला आणि त्या पलटणींतील शिपाई साम्राज्याच्या दूरदूरच्या प्रांतांतून आणलेले असत. भिंतीला दर रोमन मैलावर, म्हणजे साधारण दीड किलोमीटरवर, एक लहान गढी होती. दोन गढ्यांच्या मध्ये दोन टेहळणी मनोरे होते. आणि काही अंतरांवर पाचशे ते हजार माणसे राहू शकतील असे मोठे किल्ले होते. भिंतीच्या उत्तरेला खंदक होता, आणि दक्षिणेला, म्हणजे रोमच्याच ताब्यातील बाजूला, दोन बांधांमधून जाणारा एक रुंद चर होता. हा दुसरा चर फार महत्त्वाचा आहे, कारण स्वतःच्याच प्रजेपासून लष्करी पट्टा वेगळा ठेवण्याची गरज त्यातून उघड होते. त्याहूनही बोलका पुरावा म्हणजे प्रत्येक गढीला उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही बाजूंना ठेवलेली दारे. केवळ शत्रूला अडवायचे असते, तर दर मैलाला शत्रूच्या बाजूस दार ठेवण्याचे कारण नव्हते. भिंतीचे खरे काम जाण्यायेण्यावर लक्ष ठेवण्याचे, गुरे, माल आणि माणसे ठरलेल्या जागीच पलीकडे जातील असे पाहण्याचे होते, असे आज अनेक अभ्यासक मानतात.

या भिंतीजवळच्या विंडोलँडा या ठाण्यावर १९७३ साली रॉबिन बर्ली यांना लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर शाईने लिहिलेला मजकूर सापडला. त्या आणि नंतर मिळालेल्या शेकडो पट्ट्यांपैकी बहुतेक भिंत बांधण्याच्या थोड्या आधीच्या काळातील आहेत. त्यांत धान्याचे हिशेब आहेत, रजेचे अर्ज आहेत, मोज्यांचा उल्लेख आहे आणि एका अधिकाऱ्याच्या पत्नीने दुसऱ्या अधिकाऱ्याच्या पत्नीला वाढदिवसासाठी पाठवलेले बोलावणेही आहे. भिंतीच्या पूर्व टोकाजवळ सिरियातील पाल्मिरा शहराच्या बाराटेस नावाच्या माणसाने आपल्या ब्रिटिश पत्नीसाठी, रेजिनासाठी, उभारलेला थडग्याचा दगड मिळाला आहे. ज्या पाल्मिराचे व्यापारी हिंदी महासागरातून भारताच्या पश्चिम किनाऱ्याशी व्यापार करीत होते, त्याच शहरातील एक माणूस साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला, पावसाळी आणि थंड सरहद्दीवर संसार करून राहिला, ही गोष्ट दख्खनच्या वाचकाला विशेष जवळची वाटावी. कारण दुधनीपासून फार दूर नसलेले, धाराशिव जिल्ह्यातील तेरणाकाठचे तेर हे गाव त्याच व्यापाराच्या जाळ्यात होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या ज्या तगर नगराचा उल्लेख येतो, ते म्हणजे तेर, हे अभ्यासक फ्लीट यांनी १९०१ साली दाखवून दिले. रोमची व्यापारी पोच अशी या पठारापर्यंत आली होती. रोमची सरहद्द मात्र येथून फार लांब राहिली.

दख्खनमध्ये अशी सलग भिंत कोणी बांधली नाही, आणि तसे न होण्याची कारणे विचारात घेतल्याशिवाय नळदुर्गचे महत्त्व ध्यानात येत नाही. पहिले कारण म्हणजे रोमच्या भिंतीपलीकडे जसा राज्यव्यवस्थेने वेगळा समाज होता, तसा दख्खनच्या सीमेपलीकडे नव्हता. निजामशाही आणि आदिलशाही या एकाच बहमनी राज्यातून निघालेल्या सत्ता होत्या. दोन्हीकडे दरबारची भाषा फारसी, दोन्हीकडे वसुलाचे काम देशमुख आणि देशपांडे या वतनदारांच्या हाती, आणि दोन्हीकडचे सरदार प्रसंगी एक चाकरी सोडून दुसरी धरणारे. शहाजीराजे भोसले यांनी निजामशाही संपल्यावर १६३६ मध्ये आदिलशाहीची चाकरी स्वीकारली, हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने (कारकीर्द १५३४ ते १५५८) वसुली दप्तरात फारसीऐवजी स्थानिक भाषा आणि स्थानिक कारकून आणले, असे इतिहासकार फरिश्ता नोंदवतो. अशा प्रदेशात सीमा म्हणजे जमिनीवर ओढलेली रेघ नसून अमुक परगण्याचा सारा कोणाच्या खजिन्यात जातो, याचा हिशेब होता. आणि परगण्याचा हिशेब ज्याच्या हातात परगण्याचा किल्ला, त्याच्या बाजूने लागत असे.

सोलापूरच्या वादात हे स्पष्ट दिसते. इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम हिचा विवाह सोळाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अहमदनगरच्या बुरहान निजामशहाशी झाला, तेव्हा सोलापूरचा किल्ला आणि त्याखालचे साडेपाच परगणे हुंड्यात देण्याचे ठरले होते, असा निजामशाहीचा दावा होता. तो मुलूख प्रत्यक्ष मिळाला नाही, आणि त्यावरून दोन्ही घराण्यांत सुमारे चाळीस वर्षे युद्धे होत राहिली. शेवटी विजयनगरविरुद्ध एकत्र येण्याची गरज निर्माण झाली, तेव्हा हुसेन निजामशहाने आपली मुलगी चांदबीबी अली आदिलशहाला दिली आणि तिच्याबरोबर सोलापूरही दिले. जानेवारी १५६५ च्या तालिकोटच्या लढाईचा मार्ग अशा रीतीने एका सीमेवरच्या किल्ल्यातून गेला. सोलापूरचा भुईकोट, म्हणजे डोंगरावर नसून सपाट जमिनीवर बांधलेला किल्ला, आज शहराच्या मध्यभागी आहे. दुहेरी तट, तीन बाजूंना रुंद खंदक आणि पूर्वेला सिद्धेश्वर तलाव ही त्याची रचना अजून ओळखू येते. दोन तटांमधील मोकळ्या पट्टीला रेवणी म्हणतात. बाहेरचा तट ओलांडलेला शत्रू या पट्टीत आला की आतल्या उंच तटावरून त्याच्यावर मारा करता येई.

दुसरे कारण पाण्याचे आहे, आणि तेच अधिक मूलभूत मानावे लागते. पावसाळ्यानंतर या पठारावरच्या लहान नद्या आटत जातात. उन्हाळ्यात हजारो घोडे आणि बैल घेऊन निघालेले सैन्य पाण्याच्या साठ्यापासून साठ्यापर्यंतच चालू शकते. त्यामुळे शंभर किलोमीटर भिंत बांधून तिच्यावर पहारे बसवण्यापेक्षा मोजक्या ठिकाणी पाणी, धान्य आणि दारूगोळा तटाच्या आत धरून ठेवणे हे येथील राज्यकर्त्यांना अधिक परिणामकारक वाटले असावे. परांडा, सोलापूर, नळदुर्ग, कल्याणी आणि दक्षिणेला रायचूर यांची माळ या दृष्टीने पाहिली, म्हणजे ती सुटी सुटी प्रेक्षणीय स्थळे राहत नाहीत. रिचर्ड ईटन आणि फिलिप वॅगनर यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कल्याणी, वरंगळ आणि रायचूर या किल्ल्यांच्या आधारे असे दाखवले आहे की, दख्खनचा १३०० ते १६०० हा काळ राजधान्यांपेक्षा या दुय्यम, वारंवार हात बदलणाऱ्या केंद्रांमधून अधिक चांगला उमगतो. सोलापूर आणि नळदुर्ग यांना हे म्हणणे तितकेच लागू पडते, असे प्रस्तुत लेखाचे मत आहे.

नळदुर्ग बोरी नदीच्या वळणावर, काळ्या पाषाणाच्या सपाट माथ्यावर उभा आहे. नदीने तीन बाजूंना खोल पात्र कोरले असल्यामुळे तेथे कडा हाच निम्मा तट झाला आहे आणि उरलेल्या बाजूला खंदक खोदून जमीन तोडलेली आहे. नळराजाची कथा किल्ल्याशी जोडली जाते; इतिहासाच्या दृष्टीने कल्याणीच्या चालुक्यांचा काळ, बहमनी काळ आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून आदिलशाही असा त्याचा क्रम सांगितला जातो. आज दिसणाऱ्या दगडी तटाचा बराच भाग अली आदिलशहाच्या काळातील मानतात. तटाला शंभराहून अधिक बुरूज आहेत आणि त्यांतील नवबुरूज नावाचा बुरूज विशेष निरखण्यासारखा आहे, कारण त्याचा दर्शनी भाग सरळ गोलाकार न ठेवता नऊ पाकळ्यांचा केलेला आहे. तटाच्या माथ्यावरील दगडी कठड्यांना चर्या म्हणतात, आणि त्यांमधील तिरप्या छिद्रांना जंग्या. जंग्यांची तोंडे खाली, दूर आणि बाजूला अशी वेगवेगळी वळवलेली असल्यामुळे तटाच्या पायथ्याशी बिलगलेला माणूसही माऱ्यातून सुटत नसे.

किल्ल्याच्या आत, तटापासून सुटा, उपळ्या बुरूज नावाचा उंच मनोरा आहे. त्याच्या माथ्यावर लांब नळीच्या तोफा आहेत. मनोरा तटाच्या आत बांधण्याचे कारण असे की, लांब पल्ल्याची तोफ तटावरून, आपल्याच बुरुजांच्या डोक्यावरून, बाहेरच्या मैदानावर डागता यावी. विजापुरातही १५८३-८४ च्या सुमारास याच पद्धतीचा बुरूज उभारला गेला. तोफेने किल्ल्यांचे रूप कसे बदलले, हे रोमन भिंतीवर दिसणे शक्यच नाही. दख्खनच्या सरहद्दीचे ते वैशिष्ट्य आहे, आणि त्यात परदेशी कारागिरीचाही वाटा होता. आज विजापूरच्या तटावर असलेली मुलूखमैदान तोफ १५४९ साली अहमदनगरच्या निजामशाहीसाठी मुहम्मद बिन हसन रूमी या तुर्की ओतकाराने ओतली. ती पुढे परांड्याच्या किल्ल्यावर होती, आणि १६३२ मध्ये आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने ती विजापूरला नेली. पंचावन्न टनांच्या आसपास वजनाचा हा धातूचा गोळा परांड्याहून भीमा ओलांडून विजापूरपर्यंत ओढून नेण्यासाठी किती बैल, किती दोर आणि किती गावांची वेठ लागली असेल, याचा विचार त्या तोफेवरील कोरीव सिंहमुखाचे कौतुक करताना क्वचितच केला जातो.

नळदुर्ग किल्ल्याची खरी ताकद १५८० च्या सुमारास कसाला लागली. अली आदिलशहाचा खून झाल्यावर विजापूरच्या गादीवर अल्पवयीन दुसरा इब्राहिम आला, आणि ही संधी साधून निजामशाही आणि कुतुबशाही फौजांनी एकत्र येऊन नळदुर्गला वेढा घातला. किल्ला पडला नाही. त्याच इब्राहिमाने मोठा झाल्यावर येथे जे बांधकाम करवून घेतले, ते नळदुर्गला भारतीय किल्ल्यांत वेगळे स्थान देणारे आहे. १६१३ मध्ये मीर इमादीन या स्थापत्यकाराकडून बोरी नदीवर दगडी बांध घालून मुख्य किल्ला आणि नदीपलीकडील रणमंडळ हा उपकिल्ला जोडण्यात आला, आणि बांधाच्या पोटात महाल बांधण्यात आला. हाच पाणीमहाल. बांधाच्या माथ्यावरून चालत गेले की एका किल्ल्यातून दुसऱ्यात जाता येते. जिन्याने खाली उतरले की बांधाच्या अंगातील दालनात, नक्षीदार सज्ज्यापाशी पोहोचता येते. आणि पावसाळ्यात नदी भरली की नर आणि मादी या नावांच्या दोन सांडव्यांतून, म्हणजे जादा पाणी सोडण्यासाठी ठेवलेल्या वाटांतून, पाण्याचे लोट खाली कोसळतात, तरी दालनात पाणी शिरत नाही. बांधावरील फारसी शिलालेखाने त्याचा काळ आणि कर्ता निश्चित केला आहे.

येथे रोमन भिंतीशी तुलना खरोखर फलदायी होते. ती भिंत टाईनच्या उत्तर फाट्यावर आणि अर्थिंग नदीवर पूल बांधून पलीकडे जात होती. अर्थिंगवरील विलोफर्ड येथे पुलाचा दगडी पाया आजही शाबूत आहे, परंतु नदी शतकांच्या ओघात पश्चिमेकडे सरकली आणि पाया कोरड्या कुरणात उभा राहिला. रोमन अभियंत्यांना नदी हा भिंतीच्या वाटेतील अडथळा होता. मीर इमादीनने नदीच तटाचा भाग केली : बांध हा एकाच वेळी किल्ल्याचा तट, दोन किल्ल्यांमधला रस्ता, शिबंदीचा पाणीसाठा आणि शहाच्या विश्रांतीचे स्थान झाला. सरहद्दीवरच्या लष्करी बांधकामात एवढे सौंदर्य ओतण्याची त्याला काय गरज होती, असा प्रश्न पडतो. दुसरा इब्राहिम हा संगीतप्रेमी आणि 'किताब-इ-नौरस'चा कर्ता होता, हे त्याचे एक उत्तर. परंतु शेजारच्या राज्याच्या वकिलांना, व्यापाऱ्यांना आणि सरदारांना आपले सामर्थ्य पहिल्यांदा दिसते ते सीमेवर, आणि तेथे नदीला लगाम घालून दाखवणे दहा हजार घोडदळ दाखवण्याहून कमी परिणामाचे नव्हते, हे दुसरे आणि अधिक पटणारे उत्तर आहे. पाणीमहालाखालून निघालेली ही बोरी पुढे अक्कलकोट तालुक्यातून वाहत भीमेला मिळते. तिच्यावरील कुरनूरच्या धरणाचे पाणी आज याच तालुक्यातील शेती आणि गावे वापरतात.

आदिलशाहीनंतर या किल्ल्यांचे महत्त्व उतरले, ते सीमा पुढे सरकल्यामुळे. १६६८ च्या तहाने सोलापूर मोगलांना मिळाले, आणि १६८६ मध्ये विजापूर पडल्यावर ज्या दोन राज्यांमध्ये ही माळ उभी होती, ती दोन्ही राज्येच उरली नाहीत. पुढे नळदुर्ग निजामाकडे गेला. १८५३ च्या करारानंतर काही वर्षे हा जिल्हा इंग्रजांच्या कारभाराखाली होता, आणि मेडोज टेलर हा अधिकारी नळदुर्गात राहून तो सांभाळीत होता. तुळजापूरच्या परिसरात घडणारी त्याची 'तारा' ही कादंबरी १८६३ साली निघाली. १८७१ मध्ये रेल्वे रायचूरपर्यंत पोहोचली आणि व्यापाराची वाट किल्ल्यांच्या रस्त्यावरून रुळांवर गेली. दुधनीसारख्या गावांचे आजचे रूप या रुळांनी घडवले आहे.

तरीही सीमा संपली नव्हती. अक्कलकोट संस्थान १९४८ च्या प्रारंभी मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि दुधनीजवळची निजामाची हद्द ही भारत आणि विलीन न झालेले हैदराबाद यांच्यामधली हद्द ठरली. पलीकडे नाणे निराळे, हाली सिक्का. जकातीचे नाके निराळे, ज्यांना करोडगिरी म्हणत. आणि अलीकडे, सोलापूर जिल्ह्याच्या सीमेवर, हैदराबाद मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्यांच्या छावण्या होत्या. १३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जयंतो नाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखालील भारतीय सैन्य सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने निघाले, तेव्हा पहिली चकमक कोठे झाली, तर नळदुर्गला. बोरीवरील पूल शाबूत हाती येणे आवश्यक होते, आणि तो घेतला गेला. नळदुर्गजवळच त्या दिवशी शीख रेजिमेंटचे हवालदार बचित्तर सिंग धारातीर्थी पडले. अशोक चक्राच्या पहिल्या मानकऱ्यांत त्यांचा समावेश आहे. चार दिवसांत, १७ सप्टेंबरला, निजामाच्या फौजांनी लढाई थांबवली. इब्राहिम आदिलशहाने ज्या नदीच्या ओलांडणीवर किल्ला बळकट केला, त्याच ओलांडणीसाठी ३३५ वर्षांनी रणगाडे आले, यातून हे दिसते की सरहद्दीच्या मोक्याच्या जागा राजे ठरवत नाहीत. त्या पाणी आणि रस्ता ठरवतात.

माणसांनी मात्र या सीमा कधी फारशा मानल्या नाहीत. नळदुर्गजवळच्या मैलारपूरला खंडोबाचे ठाणे आहे. त्याला कन्नड मुलखात मैलार म्हणतात, आणि तेथील मूर्ती वर्षातील काही काळ मैलारपूरला, तर उरलेला काळ शेजारच्या अणदूरला असते; दोन गावांनी देव असा वाटून घेतलेला आहे. अक्कलकोटचे स्वामी समर्थ आणि भीमा-अमरजा संगमावरचे गाणगापूर या दोन क्षेत्रांच्या मधल्या मार्गावर दुधनी आहे, आणि दत्तभक्तांच्या पौर्णिमेच्या वाऱ्या दोन राज्यांची हद्द ओलांडूनच पुऱ्या होतात.

अवशेषांचे पुढे काय करायचे, या बाबतीत इंग्लंडचा अनुभव दोन्ही बाजूंनी शिकवणारा आहे. हेड्रियनच्या भिंतीचे घडीव दगड शतकानुशतके चर्चच्या, मठांच्या आणि शेतवाड्यांच्या बांधकामात गेले. १७४५ च्या बंडात सरकारी सैन्याला वेळेवर पोहोचता आले नाही, म्हणून पुढे जो लष्करी रस्ता केला, त्याच्या पायात तर मैलोगणती भिंतच घातली गेली. एकोणिसाव्या शतकात जॉन क्लेटन या वकिलाने भिंतीलगतच्या जमिनी एकामागून एक विकत घेतल्या, आणि म्हणून मधला मोठा भाग वाचला. १९८७ मध्ये ती जागतिक वारसा ठरली. २००५ मध्ये जर्मनीतील रोमन सीमा आणि २००८ मध्ये स्कॉटलंडमधील अँटोनाईन भिंत तिला जोडून 'रोमन साम्राज्याच्या सीमा' असे एकच, अनेक देशांत पसरलेले वारसास्थळ करण्यात आले. एखादा बुरूज किंवा एखादी गढी जतन न करता सबंध सरहद्द ही एकच वास्तू मानण्याचा हा विचार दख्खनसाठी सर्वांत मोलाचा आहे.

येथे आज सोलापूरचा भुईकोट केंद्रीय पुरातत्त्व विभागाकडे आहे, नळदुर्ग राज्याकडे आहे, आणि कल्याणी म्हणजे बसवकल्याण कर्नाटकात आहे. नळदुर्गच्या देखभालीसाठी राज्याच्या वैभव संगोपन योजनेतून खासगी सहभाग घेतला गेला, त्यामुळे तेथे येणाऱ्यांची संख्या वाढली, आणि ते स्वागतार्ह आहे; परंतु सांडव्यांचे छायाचित्र काढून परतणाऱ्या प्रवाशाला हा किल्ला कोणाच्या विरोधात, कोणत्या दुसऱ्या किल्ल्यांच्या जोडीने आणि कोणत्या परगण्यांसाठी उभा होता, हे कळण्याची सोय झाली पाहिजे. परांड्यापासून बसवकल्याणपर्यंतचे किल्ले, त्यांमधील जुने रस्ते, नद्यांची ओलांडणी आणि १५२० पासून १९४८ पर्यंत सरकत गेलेल्या हद्दी एकत्र दाखवणारा नकाशा दोन्ही राज्यांच्या पुरातत्त्व विभागांनी मिळून तयार करावा, आणि तो मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत नळदुर्गच्या दरवाजात, सोलापूरच्या भुईकोटात, बसवकल्याणला आणि दुधनीच्या रेल्वे स्थानकावरही लावावा. या कामाला लागणारे शिलालेखांचे वाचन, गॅझेटियरमधील नोंदी आणि किल्ल्यांची मोजमापे यांतील बरेचसे साहित्य उपलब्ध आहे. ते अजून एका जागी आणलेले नाही.